चिनीचे प्राध्यापक

डिसेंबर १९४६, सोमवार. कडेगाव. हजर: सभेचे यजमान सुभेदार पाटील, तीसेक ऊसबागायतदार, आमच्या सांगलीच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सोवनी, आणि त्यांच्या नकाशांची गुंडाळी सांभाळत मी, ग्रंथपाल.

सोवनींनी उमेदीची सारी वर्षं चीनच्या अर्थकारणाच्या अभ्यासात घातली होती. विद्यार्थ्याने काही ठामपणे लिहिलं, की समासात त्यांची तांबडी शाई विचारायची, ‘पाहिलं कुणी?’ स्वतःच्या ग्रंथालाही त्यांनी सूट दिली नव्हती. चीनच्या खेड्यात लोक नोटा सोडून वस्तूंवर व्यवहार करतात, असं त्यांचं अनुमान. पण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळेना, म्हणून ते प्रकरण कोरं. आणि त्याच्यावाचून ग्रंथ उभा राहत नव्हता.

सुभेदारांचं पत्र आलं, ‘चिनीविषयी बोलायला यावे.’ सोवनी हरखले. चीनच्या शेतीवर अर्धा तास बोलले. शेवटी सुभेदार उठले.

“मास्तर, समदं झ्याक हाय. पर चिनीचं कवा येनार?”

“चीनचंच तर चाललंय.”

“आवं, चिनी! च्यात घालायची!”

फौजेत उमर काढलेल्या सुभेदारांच्या तोंडी साखरेला ‘चिनी’च बसली होती. सभा खो खो हसली. मी नकाशे गुंडाळायला घेतले.

“थांबा हो,” सोवनी मला म्हणाले आणि सभेकडे वळले. “साखरेतलं मला काही कळत नाही. पण चीन पाहिलेलं इथे कुणी आहे?”

मागून हवालदार ज्ञानू उठले. लढाईत ब्रह्मदेशातून ट्रक घेऊन ते दोनदा चीनमध्ये गेले होते.

“तिथल्या बाजारात नोटा चालायच्या?”

“कुठल्या! म्हातारी नोटंकडं बघायची बी न्हाई. मीठ दावलं की टोपलीभर भाजी.”

“पाहिलंत तुम्ही?”

“बघतोय कशाला? मीठ म्याच दिलं की! पर मास्तर, तुमी एवढं शिकलासा आनि चीनला गेला न्हाईसा?”

“नाही गेलो. म्हणून तर विचारतोय. बसा, सगळं सांगा.”

संध्याकाळपर्यंत लिहून घेतलं. महिन्याभरात प्रकरण पुरं झालं आणि तळटीपेत हवालदारांचं नाव आलं. एका विद्वान मित्राने कळवलं, ते नाव काढा, ग्रंथाचं वजन कमी होतं. सोवनींनी उलट टपाली लिहिलं, “या ग्रंथात चीन पाहिलेला माणूस एवढा एकच आहे. काढायचंच तर माझं काढा.”

पुढल्या उन्हाळ्यात सोवनी वारले. हस्तलिखित माझ्याकडे आहे. त्या प्रकरणावर त्यांचा शेरा आहे: ‘हवालदारांना वाचून दाखवावे, मगच छापावे.’ छापखाना ठरला, कागद आला. हवालदार मेढ्याला लेकीकडे असतात, असं कळलंय.

वाचून दाखवायचं राहिलं आहे.