कामठ्यात घरखर्च विचारायला गेले तेव्हा

गोंदियाजवळच्या कामठ्यातली ती दुपार अजून डोक्यातून जात नाही... नव्वदीला टेकलेय, बोटं थरथरतात, म्हणून फोनला बोलून हे लिहितेय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नागपूरचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक गोंदियाच्या आसपासच्या खेड्यांत घरखर्चाची पाहणी करत होते. बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून त्यांनी मला घेतलं. मी नुकतीच इंटर झालेली, गोंदियाला घरात बसून जीव नुसता तगमगत होता...

त्या दुपारी कामठ्यात भागरताबाई नावाच्या बाईंच्या ओसरीवर बसले होते. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या आणि उत्तरं मात्र त्यांचा नवरा देत होता. मीठ, रॉकेल, लुगडं, अहेर... सरांनी दिलेल्या तक्त्यात प्रत्येक खर्चापुढे एक प्रश्न असायचा, हे कोणी ठरवलं?

"मीच," नवरा म्हणायचा. "इले कायले पुसता? इले काही समजत नाही."

सूप थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मला तिथं बसवेना.

निघाले, तर भागरताबाई घागर घेऊन विहिरीपर्यंत सोबत आल्या. वाटेत एकदम म्हणाल्या, "बाई, या कामाचे पैसे भेटत असतीन ना तुमाले?"

"हो, मिळतात."

"मंग कोनापाशी राहतेत?"

"बाबांकडे." मनीऑर्डर त्यांच्याच नावावर यायची. तुझ्या लग्नासाठी ठेवतोय, म्हणायचे.

त्या हसल्या नाहीत. घागर खाली ठेवून बघत राहिल्या... "अन् तुमाले कोन पुसते?"



परतताना बसमध्ये जागा असून मी उभीच राहिले. मला नागपूरला जाऊन बी.ए. करायचं होतं... आणि हे मी घरात कुणाजवळ बोललेच नव्हते!

पुढच्या वेळी सर गोंदियाला आले तेव्हा म्हटलं, "सर, या वेळचे पैसे माझ्या हातात द्या."

"वडील रागावतील."

"रागावू देत."

त्यांनी दिले. घरी सांगितलं, हे मी ठेवतेय, नागपूरच्या कॉलेजच्या फीसाठी. बाबा भडकले. आई मधे पडली तर तिलाही गप्प केलं.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी आपली आतबाहेर येरझारा घालायची. देऊन टाकावेत पैसे, मिटवावं एकदाचं, असं रोज वाटायचं... नाही दिले.

मग एका सकाळी दाढी करता करता, मागे वळूनही न बघता बाबा म्हणाले, "नागपूरला राहशील कुठं?"

मी गेले, शिकले. पुढे आयुष्यभर अर्थशास्त्रच शिकवलं.

भागरताबाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांच्या घरात त्यांना कधी कुणी काही विचारलं का, ते मला कळलंच नाही... ते आजही सलतं. पण माझं शिक्षण ही त्यांची देणगी आहे, हे कुठेतरी सांगून ठेवायचं होतं.