शालनकाकूंची झील

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहाला जाते, असला माझा स्वभाव. बारामतीजवळच्या एका संस्थेत मी ध्वनिशास्त्र शिकवते. आमच्याकडे समाजशास्त्राचे, विज्ञानाचे आणि गाण्याचे लोक एकाच टेबलावर डबा खातात, त्यामुळे वादाला काही तोटा नाही... पण या बाबतीत माझं मत ठाम होतं. कंपन थांबलं, आवाज संपला.

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या तात्यांची आंबेडकरी जलशातली गाणी मी गेल्या वर्षी रेकॉर्ड केली. तात्यांनी ओळ म्हणायची आणि त्यांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, मागून ती उचलायची – म्हणजे झील धरायची – अशी दोघांची जन्माची सवय. पण मला 'क्लीन' आवाज हवा होता ना! म्हटलं, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?" त्या बिचाऱ्या हसून गोठ्याकडे गेल्या. कसली मी शहाणी!

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. महिन्याभरानं तात्यांचा फोन आला.

"जयभीम मॅडम. आमच्या शालनचा आवाज असंल ना तुमच्याकडं? मोबाइलात फोटू हायती, आवाज कुठंच न्हाय. एकडाव ऐकायचा हाय."

नाही म्हणायला जीभ रेटेना. "बघते," म्हटलं.

दुपारी जेवण झाल्यावर गेल्या वर्षीची फाइल स्पीकरवर लावली. समोर आमचे तबल्याचे सर आणि समाजशास्त्राच्या वैशाली मॅडम. तात्यांची पहिली ओळ संपली आणि मागून बाईचा आवाज... जरा घोगरा, पण स्वच्छ.

"अहो, ही कोण? काय सुरात आहे!" सर म्हणाले.

काकूंना तर मी तेव्हा गोठ्याकडे पाठवलं होतं! तिघांनी अख्खं गाणं ऐकलं. तोच लॅपटॉप उचलला, तात्यांसाठी हेडफोन घेतला आणि तडक लासुर्णे गाठलं.

तात्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच हेडफोन काढला.

"न्हाय वं."

मी ऐकलं. खरंच नव्हता. लॅपटॉपवरच्या आवाजाच्या ग्राफवरसुद्धा दोन ओळींमध्ये सपाट रेघ.

मला रडूच फुटलं. "शप्पथ तात्या, आम्ही तिघांनी ऐकला हो!"

"ऐकला असंल. तुमी कशाला खोटं बोलाल? लावा तुमचं मशीन, आज पुन्हा म्हणतो."

मी रेकॉर्डर लावला. तात्यांनी ओळ म्हटली, थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. ओळ मला पाठ होती. नुसती उचलायची होती हो! पण मशीन चालू असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा, ही शिस्त हाडात भिनलेली... मी गप्प बसले. तात्या जरा वेळ वाट बघून पुढं गेले. असं चार वेळा झालं.

त्या दुपारी संस्थेत कोण गायलं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि लासुर्ण्याची ती दुसरी फाइल मी अजून उघडलेली नाही. तिच्यात चार ठिकाणी मी गप्प आहे, ते मला ऐकवणार नाही.