माडावरून दिसलेली रेघ

बाउरो माडावर चढला की गायचा. त्यात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं, कारण त्या बेटावर माडावर चढणारा प्रत्येकजण गातो. पहाटे एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा चढायचं, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, पातळशी तासायची, रसानं भरलेली बाटली सोडून रिकामी बांधायची, आणि हे होईतो गळा बंद ठेवायचा नाही. शेंड्यावरून सगळं गाव उघडं दिसतं. विहिरीवर कोण अंग धुतंय, कोण कुणाच्या अळूच्या खड्ड्यात उतरलंय, काही लपत नाही. वरच्यानं आवाज दिला की खालचे सावरून बसतात. मुकाट चढणारा तिथे चोर समजला जातो. पोरवयात बाउरो एकदा मुकाट चढला होता. बापानं त्याला खाली बोलावून कानफटात दिली आणि म्हणाला, "वरून बघायचं असेल तर ओरडून सांग, की मी बघतोय."

ती चपराक बाउरोला जन्मभर पुरली. बाकीचे चर्चमधली गाणी गायचे. बाउरो जे दिसेल ते गायचा: प्रवाळाच्या कड्यापाशी मासळी आली, योआनेचं डुक्कर सुटलं, राजधानीची बोट दिसायला लागली. बायका कपडे बडवता बडवता ते पुढे पोचवायच्या. त्याची बायको तेरेसिया म्हणायची, "रेडिओला सेल कशाला घालायचे? माझा नवरा फुकट बोंबलतो की!"

वारा पडलेल्या दिवसांत एका पहाटे त्याला एका माडाच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा दिसला. बुंध्याला वेढा घालून, ओला. आठवडाभरात दुसरा, मग तिसरा. खालून चालताना इथे एक माड, तिथे एक माड, कुणाचं लक्षही गेलं नसतं. वरून पाहिलं आणि बाउरोच्या तोंडातलं गाणं अडखळलं. ते पट्टे सरळ एका रेघेत होते. समुद्राकडच्या कड्यावर रोवलेल्या लोखंडी कांबीपासून निघालेली रेघ माडांतून, अळूच्या खड्ड्यांवरून, गावाच्या एकुलत्या गोड विहिरीवरून जाऊन पलीकडच्या खाडीला मिळत होती. बेट त्या ठिकाणी अरुंद होतं. एवढं अरुंद की दोन्हीकडची लाट एकाच वेळी ऐकू यायची.

ही रेघ कशाची ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मोठ्या बोटी खाडीत याव्यात म्हणून शेजारच्या बेटाला अशीच चीर पाडली होती. त्या बेटांवर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. सायीला चीर पडली की ती राहत नाही. त्या बेटावरचे लोक आता पावसाच्या पाण्यावर जगतात, आणि पाऊस नसला की दुसऱ्यांच्या दारात.

त्या संध्याकाळी बाउरो गायला:

"सावरून बसा गं बायांनो, मी वर आहे,
माडांच्या कमरेला लाल दोरी आहे.
दोरीचं एक टोक समुद्राच्या हाती,
दुसरं टोक जातं विहिरीच्या माथी."

खाली बडवणं थांबलं. पहिल्यांदाच त्याचं गाणं कुणी पुढे नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई कायेआ आला. तो बेटाच्या कौन्सिलात कारकून होता, इस्त्रीचा सदरा घालायचा. सासऱ्यापुढे तो चटईवर नीट मांडी घालून बसला, ताजा रस प्याला, तोंड पुसलं.

"बाबा, आवाज काय लागलाय तुमचा! ऑफिसात ऐकू येतो."

"मग ऑफिसानं उत्तर द्यावं."

"कशाचं?"

"पट्टे कुणी मारले?"

"कुठले पट्टे? मी तर नाही पाहिले."

"तू खाली असतोस. चल, वर नेतो तुला. चड्डी फाटेल तेवढीच."

तेरेसिया चुलीपाशी हसली. कायेआ हसला नाही. कपातला उरलेला रस हलवत बसला. मग हळू म्हणाला, "राजधानीचे साहेब येणार आहेत. मनेआबात सगळं वाचून दाखवणार आहेत. तोवर चर्चची गाणी म्हणा. तुम्ही चढता ते माड कौन्सिलच्या जमिनीवर आहेत, बाबा. मी नाही म्हणत, लोक म्हणतात."

"कुठले लोक?"

"मी नाही पाहिले," कायेआ म्हणाला, आणि निघून गेला.

मनेआबा म्हणजे गावाची मोठी चावडी. तिला त्याच महिन्यात नवं पत्र्याचं छप्पर बसलं होतं. सरकारनं दिलं, का दिलं ते कुणी विचारलं नव्हतं. साहेब आले त्या दिवशी त्याखाली डुक्कर भाजलं, फणसाच्या जातीची फळं निखाऱ्यात घातली, भाताचे ढीग लावले. प्रत्येक घराणं आपापल्या खांबापाशी बसलं. घराण्याचा म्हातारा बोलतो, मागचे ऐकतात, ही रीत. साहेबांच्या गळ्यात फुलांचे हार होते. त्यांनी अहवाल वाचला. गावाचा विकास गावाच्या संमतीनं होत आहे. कुठलंही काम अद्याप ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा सर्वांना कळवण्यात येईल. टाळ्या पडल्या. नव्या पत्र्याखाली त्या फार मोठ्या वाजल्या.

बाउरोच्या घराण्याचा म्हातारा तेबाने पुढे बसला होता. बाउरोनं मागून त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजोबा, विचारा ना. पट्टे विचारा."

तेबानेनं मान न वळवता म्हटलं, "छप्पर गळत नाही आता, पोरा."

तेव्हा बाउरो स्वतःच बोलला. मागे बसून, म्हाताऱ्याच्या खांद्यावरून. अशी बेअदबी त्या चावडीत कुणी पाहिली नव्हती.

"साहेब, तुम्ही आमच्याहून वर बसता. तुम्हाला सगळं दिसत असेल. आमच्यात वर बसणारा गातो. तुम्ही का गात नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. साहेबही हसले. फार सौम्य हसले. शेजारी बसलेल्या कायेआला त्यांनी विचारलं, "हा कोण?" कायेआनं नाव सांगितलं. आडनाव सांगताना तो थांबला नाही, नातं सांगायला मात्र विसरला. साहेबांनी नाव पुन्हा एकदा उच्चारून पाहिलं, बरोबर जमलं का म्हणून, आणि जेवायला बसले.

घरी जाताना तेरेसिया त्याच्या पुढे चालत होती. "झालं समाधान?" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "उद्या चढू नकोस."

"पोय सुकेल."

"सुकू दे."

तिलाही ठाऊक होतं की हे पोयीचं बोलणं नव्हे.

पहाटे तो आपल्या माडाखाली आला तर बुंध्यावर लाल पट्टा. हात लावला, बोटाला रंग लागला. त्यानं बोट चड्डीला पुसलं आणि चढला.

वर पोचल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. समुद्र होता, कोंबडे होते. मग लक्षात आलं. कुणीच गात नव्हतं. योआने आपल्या माडावर होता, झावळीआड त्याची सुरी हलताना दिसत होती. त्याच्या पलीकडे दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. सगळे आपापल्या शेंड्यांत बसले होते, मुकाट. खाली विहिरीवरच्या बायका वर बघत होत्या, ओल्या अंगाभोवती कापड घट्ट ओढून घेत होत्या. आपल्या गावात आपल्याकडे कोण बघतंय, हे त्यांना त्या सकाळी कळत नव्हतं.

"योआने!" बाउरोनं हाक मारली. "घसा बसला का रे?"

योआनेची सुरी थांबली. मग पुन्हा हलू लागली.

आणि मग बाउरोला कड्यापलीकडे तो सपाट तराफा दिसला. पुढचं तोंड उघडं, आत पिवळं यंत्र, त्याचा दातेरी हात दुमडून ठेवलेला. भरतीची वाट बघत तो तिथे उभा होता. किनाऱ्यावर इस्त्रीचा सदरा घातलेला एकजण हातवारे करून त्याला जागा दाखवत होता.

बाउरोनं माडाला मिठी मारली. मग गायला:

"सावरून बसा गं बायांनो, मी वर आहे,
कड्याशी आलंय ते माझ्या नजरेत आहे.
भरती चढेल तसं ते आत येईल,
गोडं पाणी आहे तोवर भरून घ्या."

शेवटच्या ओळीला त्याला जुळणी सापडली नाही. तीच ओळ त्यानं पुन्हा म्हटली. मग पुन्हा. शेजारच्या एकाही माडावरून कुणी सूर दिला नाही.

खाली मात्र आधी तेरेसियाची बादली वाजली. मग दुसरी. मग घराघरांतून बायका डबे, पातेली, बाटल्या, लहान मुलांच्या अंघोळीचे टप घेऊन धावत विहिरीकडे निघाल्या.