बेगमचं स्टेटस

घरात नसलेल्या मांजरीला मी आठ दिवस उत्तम सांभाळलं.

मोर्शीकडची आमची संत्र्याची बाग वाळली, तेव्हा आम्ही अमरावतीत साईनगरला दोन खोल्या घेतल्या आणि परगावी जाणाऱ्यांची कुत्री-मांजरं सांभाळायला लागलो. (गावाकडचे लोक यावर अजून हसतात.) मालकांना घोर नको म्हणून मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक जनावराचं स्टेटस टाकत असे.

इतवाऱ्यातल्या रेहानाखाला, उर्दू शाळेतल्या निवृत्त बाई, मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला निघाल्या. बंद खोक्यात घालून, ऑटोतून, त्यांनी आपली पांढरीशुभ्र बेगम आमच्याकडे आणली.

"बेटा, घरात मले इच्याशिवाय कोनी नाई. जिवापाड जप," म्हणताना त्यांचे डोळे भरले.

मी शब्द दिला. खाला गेल्यावर बेगमला बाहेर काढून अकरा फोटो काढले, दुधाची वाटी आणायला वळलो, आणि बेगम खिडकीतून पसार!

नाल्या पाहिल्या, छपरं पाहिली, पाण्याच्या टाक्यांत वाकून पाहिलं. संध्याकाळपर्यंत बेगमचा पत्ता नव्हता.

"खालाले फोन लावा न जी! खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"तिची पोरगी दवाखान्यात हाय. आज कसं सांगू? उद्या सापडते, पाह्य."

आणि मी स्टेटस टाकलं: 'बेगम रुळली. दूध प्याली.'

लगेच खालांचं उत्तर: "शुकर है! किती प्याली?"

"दोन वाट्या!"

दुसऱ्या दिवशी तिला मी मासोळी खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी तिला शिंका आल्या, चौथ्या दिवशी माझ्या काढ्याने थांबल्या. आपला पग कुत्रा आमच्याकडे ठेवणारे डॉक्टरही विचारू लागले, "बेगमची तब्येत कशी आहे?" फोटो संपले तेव्हा तेल्हाऱ्याहून सासऱ्यांनी गादीसाठी पाठवलेला कापूस शालीत गुंडाळला, वरून थोडा दिसू दिला आणि खाली लिहिलं: 'बेगम गाढ झोपेत.'

"खर्राटे बी मारते का?" खालांनी विचारलं.

"हो जी! भिंती हालतात!"

"काहून पाप करून राहिले तुमी?" बायको कापूस परत गोणीत भरत म्हणाली. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

खाला परतल्या त्या दिवशी रिकामं खोकं घेऊन मी इतवाऱ्यात गेलो. कबुलीजबाब रस्ताभर पाठ केला होता. दार उघडलं, आणि शिलाई मशीनवर बेगम पंजा चाटत बसलेली!

"पहिल्याच सांजेले आली वापस," खाला म्हणाल्या. "बाजूच्या फुलवाल्या ताईनं दूध पाजलं, ठेवून घेतलं अन् मले फोन केला."

बंद खोक्यातून गेलेली ही बेगमबाई! रस्ता तिने पाहिलेलाच नव्हता. राजापेठचा पूल, राजकमल चौकातली ती गर्दी, ऑटो, बस, कुत्री, सगळं ओलांडून ती बरोबर आपल्या दारात! (मला इतवाऱ्यात घर शोधायला तिघांना विचारावं लागलं होतं.) मी त्या मांजरीला हात जोडले. अगदी मनापासून जोडले.

"मंग तुमी बोलल्या काहून नाई, खाला?"

"पाहून राहिली होती, तू तिले आनखी काय काय खाऊ घालतं ते! पोरगी बाळंतपनाले भेली होती, पन तुहं स्टेटस वाचलं का दुखनं इसरून हासे." त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "पुढच्या महिन्यात पुन्हा अकोल्याले जातो. बेगम घरीच राहीन. तू फक्त स्टेटस टाकत जाय."

मी मान खाली घालून हो म्हटलं.

"अन् आयक, मासोळी रोज नोको लिहू. पोट बिघडते तिचं."