लंबू रंगाऱ्याची हाडं

त्याला सगळे लंबू म्हणायचे. घरांना रंग द्यायचं त्याचं काम. छत रंगवायला इतरांना शिडी लागायची, याला एक उलटी बादली पुरायची. थोरला भाऊ त्याच्याच जोडीला असायचा. तो अंगानं आडवा. "देवानं तुला दोघांची उंची दिली आणि मला दोघांची भूक," असं म्हणत शिडी ओढत न्यायचा.

दुखणं टाचेतून सुरू झालं. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग ते कंबरेत आलं, मग बरगड्यांत. शिंक आली की तो भिंत धरून उभा राहायचा. एका डॉक्टरांनी चप्पल बदलायला सांगितलं, दुसऱ्यांनी मणक्यात इंजेक्शन दिलं, तिसऱ्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की नवं पाकीट यायचं, दुखणं होतं तिथेच असायचं. एका डॉक्टरांनी सगळे कागद चाळून बायकोला बाजूला घेतलं आणि विचारलं, "घरात काही ताण आहे का?" ती म्हणाली, "हे असे झोपून आहेत, हाच ताण आहे."

ती घरीच शिवणकाम करायची. त्याला कूस बदलायची असली की मशीन थांबवून उठायचं, खांद्याखाली हात घालायचा, हळूच वळवायचं, पुन्हा सुईत दोरा. दिवसाही हे आणि झोपेतही हेच. तिची झोप मांजरासारखी झाली होती, एक कान कायम उघडा.

भाऊ आधी समजून घ्यायचा. पण एकट्यानं कामं ओढून तोही टेकीला आला होता. एक दिवस दारातूनच म्हणाला, "ताप नाही, सूज नाही. नुसतं दुखतंय दुखतंय. माझंही दुखतं रे."

भाऊ गेल्यावर लंबू बायकोला म्हणाला, "त्याचं तरी काय चुकलं? मलाच आता वाटायला लागलंय, की मी ढोंग करतोय."

मग एका सकाळी मोरीच्या उंबऱ्यावरून उतरताना त्याच्या मांडीचं हाड मोडलं. तो पडला नव्हता. नुसतं पाऊल खाली टेकलं होतं.

इस्पितळात हाडात सळी घातली आणि एवढ्याशानं हाड मोडतं कसं, म्हणून सगळ्या हाडांचा स्कॅन केला. शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. जिथे हाडाची मोडतोड किंवा डागडुजी चालू असते तिथे ते गोळा होतं आणि चित्रात काळं दिसतं. लंबूच्या चित्रात बरगड्या, कंबर, गुडघे, पावलं, सगळीकडे काळे डाग होते. तिथल्या डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं, "कुठला तरी कॅन्सर हाडांत पसरलेला दिसतोय."

थोरला भाऊ बाहेरच्या बाकावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. बायको रडली नाही. तिनं विचारलं, "आता पुढे काय करायचं?" गेली तीन वर्षं ती प्रत्येक डॉक्टरांना हेच विचारत आली होती.

पुढे कॅन्सरचं मूळ शोधायचं होतं. पोट तपासलं, फुप्फुसं तपासली, शेवटी सुई घालून हाडाचा तुकडा काढला. त्यात कॅन्सर नव्हता. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, पण तेवढी ताकद कुणात उरली नव्हती. लंबूनं डोळे मिटून घेतले. "म्हणजे परत पहिल्यापासून," एवढंच म्हणाला.

त्यांना पुढे एका हार्मोनच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि दोघांना समोर बसवून घेतलं.

"डाग कॅन्सरचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ती बारीक फ्रॅक्चर आहेत, अंगभर. तुमच्या रक्तात फॉस्फरस फार कमी आहे. हाडं कडक व्हायला तो लागतो, आणि तुमचा लघवीवाटे वाहून चाललाय."

"का?" बायकोनं विचारलं.

"कधीकधी शरीरात एक छोटी, साधी गाठ असते. ती असा काही स्राव सोडते की मूत्रपिंडं फॉस्फरस धरूनच ठेवत नाहीत. ती काढली की माणूस बरा होतो."

"मग काढा की."

"सापडली तर. नखाएवढीही असू शकते, आणि डोक्यापासून अंगठ्यापर्यंत कुठेही."

लंबू हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून बरगडीत कळ आली. "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला शोधायला जागा तरी कमी आहे. आधी मी जास्त लांब होतो." हे खरंच होतं. मणके दबून तो चांगला चार बोटं खाली आला होता.

दुसरा स्कॅन वेगळा होता. यातलं औषध हाडांकडे नाही, तर तसल्या गाठींकडे जाऊन चिकटतं. सुई जाड धातूच्या आवरणात आली. ती टोचून झाल्यावर यंत्रावरच्या माणसानं बायकोला बाहेर जायला सांगितलं.

"हात लागतो त्यांना, कूस वळवायला," ती दारात अडखळली.

"आम्ही वळवतो. त्यांच्या अंगात आता किरणं आहेत, तुम्ही उगाच जवळ नको. तासभर बसा जरा."

ती बाहेर बसली. तासभर तिला कुणी हाक मारणार नव्हतं. हातांचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून ओढणीच्या टोकाच्या निघालेल्या दशा ती एकेक करून तोडत बसली. आत लंबू गोल यंत्रातून हळूहळू सरकत होता. डॉक्टर बाईंनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं: पायाच्या बोटांपर्यंत घ्या, मांडीपाशी थांबू नका.

गाठ डाव्या पोटरीत सापडली, आत खोल, स्नायूंच्या मागे. बाहेरून दाबून कुणाच्या हाताला कधी लागली नसती. पडद्यावर इतके दिवस नुसते डागच डाग बघितलेल्या माणसांना बाईंनी तो एकुलता एक ठिपका दाखवला. भाऊ चष्मा पुसून पुसून बघत राहिला. "एवढ्याशानं?" तो म्हणाला. मग लंबूकडे न बघता म्हणाला, "मी काय काय बोललो तुला."

"मीही तेच म्हणत होतो स्वतःला," लंबू म्हणाला. "राहू दे आता."

गाठ काढली. आठवड्याभरात फॉस्फरस वर आला, पण हाडं आपल्याच चालीनं भरत गेली. काठी सुटायला वर्ष लागलं. गेलेली उंची परत आली नाही. तो आता दारं-खिडक्या रंगवतो, स्टुलावर बसून, आणि दुपारनंतर थकतो. विचारलं तर म्हणतो, "बरा आहे. पण बरं व्हायलाही फार दमलो."

बायकोची झोप मात्र लवकर सुधारली नाही. तो आपला आपण कूस बदलायचा, तरी ती उठून बसायची, हात पुढे करायची.

"झोप गं," तो म्हणायचा. "वळलो मी."

"कळतंय मला," ती म्हणायची, आणि थोडा वेळ तशीच बसून राहायची.