शिकलेला पाला

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि उठायच्या वेळेला चहाच्या रिकाम्या कपांइतकेच किस्से अंगणात पडलेले असतात.

भैयालालला जाऊन वर्ष होत आलं. आमगावला त्याच्या घरी गेलो की वहिनी चहा ठेवतात आणि आम्ही दोन-तीन जुने वर्गमित्र ओट्यावर बसतो. मग कोणीतरी म्हणतो, "तो दुधाचा सांग ना."

* * *

दुधाचा म्हणजे असा. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. आम्ही आमगावहून पॅसेंजरने गोंदियाच्या हायस्कूलात जायचो. भैयालालच्या वडिलांना, म्हणजे बाबूजींना, त्याचं शिकणं फारसं पटलेलं नव्हतं. त्यांनी अट घातली होती, "शाळा कर, पन घरचं काम अडलं नाही पाह्यजे. ज्या दिवशी अडलं त्या दिवशी शाळा बंद, अन् तू बांदीत." बांदी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत.

म्हणून हा पहाटे म्हशी काढायचा, दुधाची कॅन घेऊन गाडीत चढायचा, स्टेशनसमोरच्या हॉटेलात दूध घालायचा आणि मग दप्तर घेऊन शाळेत यायचा.

हॉटेलवाला शेठ एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "पढ़ा-लिखा ग्वाला है भाई. पानी नाप के डालता है."

भैयालाल शांतपणे म्हणाला, "नहीं सेठजी, पानी बाबूजी डालते हैं. पढ़े नहीं हैं, इसलिए नापते नहीं."

* * *

दिवस असा सुरू करणाऱ्या मुलाने दुपारी जागं राहणं शक्यच नव्हतं. भूमितीच्या तासाला त्याची मान हळूहळू खाली यायची.

"भैयालाल, झोपलास का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. डोळे मिटून आकृती पाहून राहिलो होतो."

"बरं. कशी दिसली?"

"दिसून राहिली होती सर. तुम्ही हाक मारली अन् पुसली."

सरांनी त्याला बाहेर काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून नवी आकृती काढण्याआधी ते फळ्यावर डस्टर आपटून घ्यायचे.

* * *

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. नाटक, नाच, गाणी, सगळं एकत्र. बायकांच्या भूमिका मुलंच करायची. भैयालालचा गळा गोड, त्यामुळे गावच्या दंडारीत राणी कायमची त्याच्याकडे.

एका सकाळी तो तसाच गाडी पकडून शाळेत आला. डोळ्यांत काजळ, पायांना लाल रंग. प्रार्थनेच्या रांगेत हेडमास्तर त्याच्यासमोर थांबले.

"हे काय आहे?"

"सर, काल राणी होतो."

"आणि आज?"

"आज विद्यार्थी आहो सर. पन रंग निघून नाही राहिला."

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. "राणीसाहेब," ते म्हणाले, "वर्गात जाऊन बाकावर उभ्या राहा."

* * *

याच हेडमास्तरांनी पुढे त्याला खऱ्या पेचात टाकलं. त्यांनी नियम काढला: उन्हाळ्याच्या सुट्टीत जो शिबिराला जाऊन खेड्यातल्या मुलांना शिकवेल, त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म भरला जाईल.

आणि उन्हाळ्यात तर बाबूजींची कामं. खत टाकायचं, धुरे, म्हणजे शेताचे बांध, घालायचे, कुंपण घालायचं. भैयालालने चैतापासून राबून सगळं खत आधीच शेतात नेऊन टाकलं. बाबूजींनी पाहिलं आणि म्हणाले, "आता विहीर उपसून टाक."

विहीरही उपसली. निघताना बाबूजी एवढंच म्हणाले, "जाय. मी येतोच तुले आनाले."

म्हणजे राहिला तर शाळा बंद आणि परत आला तर मॅट्रिक बंद. सालेकशाच्या गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, "पहिले सालेकसा तं येऊ दे."

* * *

सालेकशाच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. माणसं पहाटे पानं तोडायला जायची, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागेवर, नेऊन द्यायची. मुलंही पुडे बांधायला बसायची. तिथेच आमची शाळा.

पाट्या मोजक्याच होत्या. भैयालालला युक्ती सुचली. समोर पानांचा ढीग पडलेला. त्याने बाभळीचा काटा घेतला आणि पानावर 'अ' काढला. मुलं खूष. दुपारभर सगळ्यांनी पानांवर अ, आ, इ, ई गिरवलं. शिकवलेलं पान मुलं शिस्तीत पुड्यात ठेवत होती. इतका शांत वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी फळीवरच्या मुनशीने पुडा सोडला. एक पान उजेडात धरलं, दुसरं धरलं. ओरखडा पडलेलं पान विडीला चालत नाही.

"परत न्या," मुनशी म्हणाला. "शिकलेला पाला मी घेत नाही."

बायका तरातरा आमच्याकडे आल्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून भैयालालला म्हणाली, "गुरुजी, तुमी पोरायले शिकवा. पाल्याले कायले शिकवून राहिले?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भैयालाल त्यांच्याबरोबर जंगलात गेला आणि वाया गेली होती तेवढी पानं तोडून आला. मग बायकांनी मुलांना पुन्हा आमच्याकडे बसू दिलं.

* * *

इथवर आलं की वहिनी आतून म्हणतात, "आता बाबूजींचा सांगा." तो त्यांनी आमच्याहून जास्त वेळा ऐकलेला आहे.

हेडमास्तरांचा निरोप आला होता की कोणीतरी साहेब शिबिर बघायला येणार. आमची मुलं परक्या माणसासमोर तोंड उघडत नसत. म्हणून भैयालालने त्यांची तालीम घेतली. "साहेब काहीही विचारो, घाबरायचं नाही. सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, हो जी."

त्या जंगलात साहेब मोटारीने येत नसत, रेंगीने येत. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. तिसऱ्या प्रहरी रेंगी आली. धुतलेलं धोतर, कोट, डोक्याला फेटा. मुलं धडपडत उभी राहिली. एका पोरीने आमची एकुलती सतरंजी झटकून पुढे टाकली.

"बसा जी सायेब."

बाबूजींना कोणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. ते बसले.

भैयालाल खडू हातात धरून उभा होता. मी चुलीपाशी भात ढवळायचा थांबलो.

बाबूजींनी मुलांकडे पाहिलं. "ह्या तुमच्या गुरुजीले मी घरी घेऊन जाऊ का?"

"हो जी."

बाबूजींनी समाधानाने मान हलवली. भैयालालचा चेहरा पडला.

"मंग तुमाले कोन शिकवन?"

"हो जी."

"मी शिकवू?"

"हो जी."

"माहा बैल शिकवन?"

"हो जी."

बाबूजी मुलाकडे वळले. "काऊन गा, इतक्या दिवसांत एवढंच शिकवलं का?"

भैयालालने मान खाली घातली. "हो जी."

बाबूजी उठले. सतरंजीची घडी घालून त्या पोरीच्या हातात दिली. रेंगीपाशी गेले, बैल जुंपले आणि वर बसून कासरा धरला.

"मंग राय इथंच," ते म्हणाले. "अर्धं काम टाकून आमच्या घरचा कोनी आजवर बांदीतून उठला नाही."