प्रधानाने आणलेलं सरबत

नाटकात तोंडाला लावायच्या सफेद्याचा वास आला की मला देवळाच्या मांडवातली ती दुपारची रंगीत तालीम आठवते. आमच्या गावच्या नाटकात कपटी प्रधान राजाला विषाचा पेला देतो. दोन्ही कामं चुलतभावांकडे होती, आणि बांधावरच्या हापूसवरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. सामानाची यादी माझी. पेल्यात पाणी मीच भरायचो. त्या दिवशी मात्र प्रधानाने घरून कोकमाचं सरबत आणलं आणि पेला स्वतः भरून ठेवला. हे मला खटकलं. राजालाही खटकलं असावं, कारण पेला पुढे येताच त्याने हात मागे घेतला. "आधी तू पी रे! तुझे गुण माका म्हायत आसत." खालून कुणीतरी ओरडलं, "ह्या नाटकात आसा काय रे?" माणसं हसली. प्रधानाचा चेहरा रंगाखालीही उतरलेला दिसला. "भावाक विख घालतलंय मी?" म्हणत त्याने पेला तोंडाला लावला आणि रिकामा केला. राजा खजील झाला, त्याने भावाचा हात धरला आणि वर्षभराचा अबोला तिथेच संपला. टाळ्या पडत असताना प्रधान विंगेत माझ्याकडे रोखून बघत होता. प्रवेशाआधी मी ते सरबत माडाच्या मुळाशी ओतून पेल्यात विहिरीचं पाणी भरलं होतं. त्याने मला कधीच काही विचारलं नाही. ते सरबत त्याने समेटासाठी आणलं होतं की आणखी कशासाठी, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.